फॉर्ममधले अर्धवट बदल थेट मूळ टेबलात लिहावेत की वेगळे ठेवावेत? (अँड्रॉइड, रूम ही एसक्यूलाइट डेटाबेस वापरायची लायब्ररी)

प्रश्न
ग्राहकाची नोंद बदलायचा फॉर्म आहे. १८ रकाने, खाली पत्त्यांची यादी (वेगळं टेबल, फॉरेन कीला कॅस्केड डिलीट, म्हणजे ग्राहकाची ओळ गेली की तिचे पत्तेही जातात). सध्या प्रत्येक अक्षरागणिक मूळ ओळ अपडेट होते. त्यामुळे 'रद्द करा'ला अर्थ उरत नाही, आणि अर्धवट मोबाइल नंबर सिंकमधून सर्व्हरवर जातो. ट्रान्झॅक्शन (सगळे बदल एकत्र पक्के होतात किंवा एकत्र रद्द) उघडी ठेवून 'जतन करा' दाबल्यावर कमिट, म्हणजे पक्की, केली तर? मध्येच फोन आला तरी टाइप केलेलं टिकायला हवं.

उत्तर १
उघडी ट्रान्झॅक्शन नकोच. एसक्यूलाइटमध्ये एका वेळी एकालाच लिहिता येतं, म्हणजे फॉर्म उघडा असेपर्यंत सिंक अडकणार. शिवाय ॲपची प्रोसेस मेली की सगळं रोलबॅक (रद्द), म्हणजे जे टिकवायचं तेच जाणार.

ड्राफ्टचं वेगळं टेबल करा: ड्राफ्टची यूयूआयडी (एकमेव ओळखक्रमांक), ग्राहक आयडी (नव्या नोंदीत नल, म्हणजे रिकामी), फॉर्मचा जेसन (सगळे रकाने एकाच मजकुरात), मूळ ओळीची आवृत्ती, वेळ. पत्तेही त्याच जेसनमध्ये. मूळ टेबलाचे नॉट नल (रिकामं चालत नाही), युनिक (तेच पुन्हा चालत नाही) वगैरे नियम इथे लावू नका. अर्धा नंबर ड्राफ्टमध्ये चालतो. टायपिंग थांबल्यावर ५०० मिलिसेकंदांनी लिहा, आणि ऑनस्टॉपमध्ये (स्क्रीन दिसेनाशी होते तेव्हा) लगेच. ऑनक्लिअर्डच्या (व्ह्यूमॉडेल, म्हणजे स्क्रीनची स्थिती सांभाळणारा ऑब्जेक्ट, संपताना चालणारं फंक्शन) भरवशावर राहू नका, सिस्टिमने प्रोसेस मारली तर ते चालतच नाही. 'जतन करा'वर तपासणी, मूळ ओळीचं अपडेट आणि ड्राफ्ट डिलीट हे एकाच छोट्या ट्रान्झॅक्शनमध्ये.

उत्तर २
सेव्ह्डस्टेटहँडलमध्ये (सिस्टिमने प्रोसेस मारली तरी टिकणारी छोटी साठवण) फक्त ड्राफ्टची आयडी ठेवा. अख्खा फॉर्म कोंबला तर बाइंडरच्या (प्रोसेसेसमध्ये माहिती पोचवणारी अँड्रॉइडची यंत्रणा) १ एमबी बफरची मर्यादा आड येते, आणि ती प्रोसेसमधल्या सगळ्या चालू बाइंडर व्यवहारांत मिळून असते. वापरणाऱ्याने रीसेंट्समधून (अलीकडच्या ॲपची यादी) ॲप सरकवून काढलं तर सेव्ह्डस्टेटहँडलमधलं काहीच उरत नाही.

प्रश्नकर्ता
फॉर्म रूमच्या फ्लोवर (टेबल बदललं की नवी माहिती आपोआप देणारा प्रवाह) बांधलाय. सिंक झालं की टाइप केलेलं पुसलं जातं, कर्सर उडतो. ड्राफ्ट टेबलावर फ्लो लावला तर सुटेल?

उत्तर १
नाही, उशिरा आलेला जुना मजकूर नव्या अक्षरांवर बसेल. फ्लोमधून सुरुवातीची माहिती एकदाच घ्या, पुढे फॉर्मची स्थिती व्ह्यूमॉडेलमध्येच. डेटाबेसमध्ये लिहायचं, तिथून परत वाचायचं नाही. जतन करताना अपडेटच्या व्हेअरमध्ये (कोणती ओळ बदलायची ती अट) आयडीसोबत ड्राफ्टमधली आवृत्तीही घाला, आणि त्याच अपडेटमध्ये आवृत्ती एकने वाढवा. ० ओळी बदलल्या तर मध्ये सिंकने नोंद बदललेली आहे. तेव्हा ड्राफ्ट डिलीट न करता फक्त वेगळे निघालेले रकाने शेजारीशेजारी दाखवा.

उत्तर ३
मूळ ओळ इन्सर्ट-रिप्लेसने लिहीत असाल तर आधी ते काढा. रिप्लेस जुनी ओळ डिलीट करून नवी घालतं, त्यामुळे तुमच्या कॅस्केडने सगळे पत्ते उडतील. साधं अपडेट वापरा, किंवा रूम २.५.० पासूनचं अपसर्ट (ओळ असली तर अपडेट, नसली तर इन्सर्ट).

प्रोसेस मेल्यावर ड्राफ्ट टिकतो का, याच्या चाचणीसाठी डेव्हलपर सेटिंगमधलं 'डोन्ट कीप ॲक्टिव्हिटीज' पुरत नाही, त्यात प्रोसेस जिवंत राहते. होम दाबा, एडीबीवरून (कॉम्प्युटरवरून फोनला आज्ञा द्यायचं साधन) 'एएम किल' द्या, मग रीसेंट्समधून परत या. फोर्स स्टॉप ही वेगळी गोष्ट आहे.

ड्राफ्ट टिकतोच, म्हणून बॅकवर 'बदल टाकून द्यायचे का?' विचारायची गरज आता नाही. यादीत त्या ग्राहकापुढे 'ड्राफ्ट' लिहा आणि टाकून द्यायचं बटण फॉर्मच्या मेनूत ठेवा.