शब्दचर्चा : ‘मूलक’ की ‘मुक्त मूलक’?

प्रश्न : ॲमेझॉनच्या जंगलावरच्या हवेवर लेख लिहिते आहे. त्यात ‘हायड्रॉक्सिल मूलक’ (ऑक्सिजन आणि हायड्रोजनच्या एकेका अणूचा गट) असं लिहिलं, तर आठवीतल्या भाच्याने विचारलं, “मावशी, यावर ऋण प्रभार ना?” त्याचं चुकलं नाही. शाळेत क्लोराइड, सल्फेट अशा प्रभार असलेल्या आयनांनाच मूलकं म्हणतात. इथे तर प्रभारच नाही. मग शब्द कोणता?

उत्तर १ : ‘मुक्त मूलक’ लिहा आणि ‘मुक्त’ कुठेही गाळू नका. पूर्वी संयुगाच्या आतल्या अणुगटालाही रॅडिकल, म्हणजे मूलक, म्हणत. असा गट एकटा राहू शकतो हे रसायनशास्त्रज्ञ गोम्बर्गने १९०० साली दाखवलं. ‘मुक्त’चा अर्थ तोच. भाच्याच्या मनात होतं ते हायड्रॉक्साइड : अणू तेच, पण ऋण प्रभार असलेलं. त्यात १० इलेक्ट्रॉन, सगळे जोडीने. हायड्रॉक्सिलमध्ये ९, म्हणजे एक बिनजोडीचा. म्हणून हायड्रॉक्साइड चुन्याच्या निवळीत निवांत राहतं आणि हायड्रॉक्सिल हवेत जेमतेम सेकंदभर टिकतं.
(जाता जाता : रॅडिकलचं मूळ लॅटिन ‘राडिक्स’, म्हणजे मूळच, इंग्रजी रॅडिशही त्यातूनच आला. आणि संस्कृतात ‘मूलक’ म्हणजे मुळा!)

उत्तर २ : ‘मुक्त’ला माझी हरकत नाही, पण वाचकाला ते सुखाने विहरणारं काहीतरी वाटतं. प्रत्यक्षात ते जोडीसाठी हपापलेलं असतं. तेव्हा ‘बिनजोडीचा इलेक्ट्रॉन’ हे शब्द लेखात एकदा तरी येऊ द्या.
आणखी एक. हायड्रॉक्सिल हवा साफ करतं खरं, पण त्याला ‘हवेचा साबण’ म्हणू नका. साबण मळ सोडवतो, मळाचं दुसरं काही करत नाही. हे मूलक झाडांनी सोडलेल्या आयसोप्रीनवर तुटून पडतं आणि त्याचं ऑक्सिडीकरण सुरू करतं. एवढं आयसोप्रीन असताना जंगलावर ते जवळजवळ संपायला हवं, असा हिशेब होता. २००५ साली दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनामच्या जंगलावर विमानातून मोजलं, तर ते अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त निघालं. आयसोप्रीनच्या विघटनातूनच ते पुन्हा तयार होत असावं, असा अर्थ लावला गेला. त्यासाठी ‘पुनर्चक्रीकरण’ नको, ‘पुनर्निर्मिती’ बरा. पुढे कॅलिफोर्नियातल्या जंगलात काम करताना लक्षात आलं की अशा मोजणीच्या उपकरणाच्या आतही काही हायड्रॉक्सिल तयार होतं, म्हणजे आकडा फुगलेला असू शकतो. म्हणून ‘आढळलं’ऐवजी ‘मोजलं गेलं’ लिहा.

प्रश्नकर्ती : ‘मुक्त मूलक’ नक्की केलं. ‘बिनजोडीचा’ पहिल्याच परिच्छेदात घेते.