पडवी बंद करायची आहे, पण कोंडवाडा नको (सातारा) – सल्ला हवा

झोपाळेवाली

नमस्कार मंडळी,

साताऱ्यात शाहूपुरीत आमचं बैठं घर आहे, सासऱ्यांनी बांधलेलं. पुढे पडवी आहे, १८ फूट लांब आणि ८ फूट रुंद. वर स्लॅब, तो पुढे दीड फूट आलेला. समोर दोन फुटी कठडा, खाली शहाबादी फरशी. तोंड पश्चिमेला, म्हणजे समोर थेट यवतेश्वरचा डोंगर. घरात जागा कितीही असली तरी सगळे बसतात पडवीतच. सासूबाईंचा दिवस तर तिथल्या झोपाळ्यावरच जातो. घेवडा निवडायचा तिथे, पेपर वाचायचा तिथे, आणि रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाची चौकशीही तिथूनच.

अडचण पावसाळ्याची. डोंगरावरून वारा सुटला की पाऊस आडवा येतो आणि झड पार दरवाज्यापर्यंत पोचते. जुलैत फरशीवर शेवाळ धरतं. झोपाळ्याच्या कड्या गंजतात, तो तांबूस रंग फळीवर उतरतो आणि मग साडीला लागतो. मागच्या पावसाळ्यात सासूबाई घसरता घसरता वाचल्या. तेव्हापासून नवऱ्याने ठरवलंय की पडवी बंद करायचीच.

फॅब्रिकेशनवाले येऊन माप घेऊन गेले. त्यांचं म्हणणं, कठड्यापासून स्लॅबपर्यंत ॲल्युमिनियमच्या सरकत्या काचा लावा, बाराही महिने वापरता येईल. दिसायला मस्त दिसेल यात वाद नाही. सासूबाईंनी मात्र चित्र बघून एवढंच विचारलं, "मग मी हाक कुणाला मारू?"

मला विचारायचंय ते असं. पश्चिमेला काचा लावल्या तर उन्हाळ्यात काय होतं? थंडीत चारनंतरचं ऊन आम्हाला हवंहवंसं असतं, पण एप्रिल-मेमध्ये त्याच वेळेला पडवीत पाय ठेववत नाही. पॉलिकार्बोनेटचा (काचेसारखं प्लॅस्टिकचं शीट) काय अनुभव? आणि काचा न लावता झड थांबवायचा काही उपाय आहे का? बजेट आहे, पण एकदा केलं की पुन्हा तोडफोड नको. जाणकारांनी सांगावं.

विश्रामबागकर

ताई, मी सांगलीचा. आमच्या इमारतीत एकांनी पश्चिमेची गॅलरी काचांनी बंद केली. मार्चपासून जूनपर्यंत तिथे कुंड्यासुद्धा ठेवत नाहीत. साताऱ्यापेक्षा आमच्याकडे उकाडा जास्त हे खरं, पण तत्त्व तेच. काचेतून ऊन आत येतं आणि फरशी-भिंती तापतात. त्या तापलेल्या वस्तूंची उष्णता मात्र काचेतून तशी बाहेर पडत नाही. पडदे लावून फारसा फरक पडत नाही, कारण ऊन पडद्यापर्यंत पोचलं म्हणजे आत आलंच की. सावली करायची तर काचेच्या बाहेरून.

माझ्या बहिणीकडे मात्र पूर्वेला अशीच काचेची खोली आहे आणि ती झकास आहे. थंडीत दहापर्यंत कोवळं ऊन, दुपारी सावली. तेव्हा काच वाईट असं नाही, दिशा बघा.

रंधा_पटाशी

काच की पॉलिकार्बोनेट हे नंतर. आधी पाणी येतं कुठून ते बघू. पागोळी पडते ती स्लॅबची कड जमिनीपासून किती उंच? साधारण आठ फूट धरतो. वारा असताना पाऊस ४५ अंशात आला, तर कडेला चुकवून आलेला थेंब आठातून दीड वजा, म्हणजे साडेसहा फूट आत पडणार. तुमची पडवी आठ फुटी. भिंतीलगत दीड फूट तेवढं कोरडं राहतं. कठड्याने यात काही फरक पडत नाही, कारण हे पाणी त्याच्या कितीतरी वरून येतं.

आता हीच कड अडीच फूट आणखी पुढे नेली आणि एक फूट खाली उतरवली, तर हिशेब होतो सात वजा चार. ओलं राहील तीनच फूट. म्हणजे स्लॅबला जोडून उतरतं छप्पर घ्यायचं. लोखंडी चौकट आणि वर मंगलोरी कौलं, नाहीतर शीट. याने मेमधलं वरचं ऊनही अडतं. खालच्या उतरत्या उन्हाला वेगळा उपाय लागेल, तो सांगतो.

पश्चिमेकडे तोंड करून उभ्या राहा. मेमध्ये संध्याकाळचा सूर्य तुमच्या किंचित उजव्या हाताला असतो, डिसेंबरमध्ये चांगलाच डावीकडे. म्हणून उजव्या बाजूला वेल चढवा किंवा बांबूचे चिक सोडा आणि डावी बाजू मोकळी ठेवा. थंडीतलं ऊन जसंच्या तसं मिळेल. मधुमालती लावलीत तर दोन वर्षांत जाळी भरेल, पण छाटणीचा आळस करायचा नाही.

पॉलिकार्बोनेट घेणार असाल तर दोन गोष्टी कारागिराच्या डोक्यावर उभं राहून बघा. एक, अतिनील किरणांपासून वाचवणारा थर एकाच बाजूला असतो. ती बाजू वर, आकाशाकडे हवी. उलटी बसली की काही वर्षांत पिवळी आणि ठिसूळ. दुसरं, हे शीट तापलं की वाढतं. दहा फुटी शीट थंडीतल्या पहाटेपासून मेच्या दुपारपर्यंत सात-आठ मिलिमीटर लांब होतं. स्क्रूची भोकं स्क्रूच्याच मापाची पाडली तर शीट फुगतं, तडकतं आणि तिथूनच गळतं. भोक मोठं, त्यावर रबरी वॉशर. पोकळ नळ्यांचं शीट असेल तर नळ्या उताराच्या दिशेने आणि टोकं टेपने बंद, नाहीतर आत शेवाळ धरतं आणि ते धुता येत नाही. आणि हो, पावसाचा आवाज. पाऊस जोरात असला की फोनवर बोलता येत नाही.

कोयनाकाठ

आमच्याकडे पाटणला पूर्वी गवताच्या झडी, म्हणजे पाऊस अडवायचे गवताचे आडोसे, बांधायचे. महाबळेश्वरला अजूनही दिसतात. तुम्ही तोच प्रकार आजच्या मालात करा. हॉटेलांच्या गच्चीवर असतात तसे पारदर्शक जाड प्लॅस्टिकचे गुंडाळायचे पडदे. खाली नळी घातलेली, ती कठड्यावरच्या हुकात अडकवायची. मिरगाला लावायचे, दसऱ्याला पुसून, वाळवून, गुंडाळून माळ्यावर. उन्हात बारा महिने ठेवले तर कडक होतात, पिवळे पडतात. अठरा फुटांचा एकच पडदा करू नका, वाऱ्याने शिडासारखा फुगेल. तीन-चार भाग करा. म्हणजे वारा नसेल तेव्हा मधला एक वर करून हाका मारता येतील :)

नकाशा_बघा

सगळे बांधकामावर बोलताहेत, कागदावर कुणीच नाही. पडवी मंजूर नकाशात उघडी दाखवली असेल तर ती काचा लावून बंद करणं म्हणजे त्या नकाशात बदल. छप्पर पुढे नेलंत तर सामासिक अंतराचा, म्हणजे घर आणि प्लॉटची हद्द यांमधल्या जागेचा प्रश्न. ती जागा मोकळीच सोडायची असते. २०२० ची बांधकामाची नवी एकत्रित नियमावली आता लागू आहे. शाहूपुरीही त्याच वर्षीच्या हद्दवाढीत पालिकेत आली, त्यामुळे तुमचा जुना नकाशा कोणत्या कार्यालयाने मंजूर केलाय ते आधी शोधा. तो घेऊन पालिकेच्या नगररचना विभागात विचारा. गुंडाळायच्या पडद्यांना कुणी अडवत नाही. लोखंड-काँक्रीट आलं की अडवतात.

झोपाळेवाली

सगळ्यांचे आभार. रंधा_पटाशी, टेप लावून बघितली. कड आठ फुटांना दोन इंच कमी आहे, म्हणजे तुमचा हिशेब जवळपास बरोबर. भिंतीजवळचा कोरडा पट्टाही दरवर्षी साधारण तेवढाच असतो, हे आत्ता लक्षात आलं.

नवऱ्याला धागा वाचायला दिला. काचा बाद. छपराचं नकाशा सापडल्यावर बघू, सासऱ्यांच्या ट्रंकेत असावा. या पावसाळ्यापुरते पडदे करून घेतोय. फरशीवरच्या शेवाळाचं काय करू? आणि कड्या बदलायच्या तर कुठल्या?

रंधा_पटाशी

शेवाळ येतं कारण पाणी साचतं. पडवीला बाहेरच्या बाजूला उतार आहे का बघा. आठ फुटांत इंचभर तरी हवा. बादलीभर पाणी ओतलं की कळेल. कठड्याला तळाशी पाणी जायला भोकं नसतील तर ती आधी पाडून घ्या, हे सगळ्यात स्वस्त काम आहे. सध्या ब्लीचिंग पावडर आणि काथ्याचा ब्रश. शहाबादीला ॲसिड अजिबात लावू नका, तो चुनखडीचा दगड आहे, खाल्ला जातो.

कड्या स्टेनलेस स्टीलच्या घ्या, ३०४ म्हणून मागा. आणि एक विचारायचं राहिलं. झोपाळा झुलतो कुठल्या दिशेने? रस्त्याकडे झुलत असेल तर पडदे खाली सोडल्यावर फळी प्लॅस्टिकवर आपटणार.

झोपाळेवाली

रस्त्याकडेच झुलतो. फॅब्रिकेशनवाल्यांच्या चित्रात झोपाळा होता, पण तो झुलतो हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं! काच असती तर पहिल्याच झोक्याला खळ्ळकन.

रंधा_पटाशी

मग कड्या बदलताना हुकही आडवे करून घ्या, म्हणजे पडवीच्या लांबीत झुलेल. स्लॅबमध्ये नवीन भोक पाडायच्या आधी सळई कुठून गेलीय ते मिस्त्रीला तपासायला लावा. आणि सासूबाईंना आधी विचारा. तोंड फिरलं की रस्ता दिसायचा नाही.

झोपाळेवाली

विचारलं. नाही म्हणाल्या. झोपाळा दीड फूट मागे, भिंतीकडे घेतोय. मिस्त्री रविवारी येतोय.