पन्नास लाखांची सेडान की पंचवीसची एसयूव्ही?

फोंड्याहून रोज पणजीला जायचंय, तर २५ लाखांची एसयूव्ही घ्यावी की कर्ज वाढवून ५० लाखांची जर्मन सेडान, असं तुम्ही विचारलंय. माझं स्पष्ट मत, एसयूव्हीच घ्या.

जर्मन गाडी उत्तमच असते. वेगात तिची पकड आणि आतली शांतता खरंच वेगळी. चोर्ला घाटातून बेळगावला वरचेवर जाणं होत असेल तर पैशांचं चीज होईल. पण तुमची रोजची वाट भोम, बाणस्तारी या गावांतून जाणारी. तिथे वेग कुठे मिळणार?

टायरचाही विचार करा. अशा सेडानच्या टायरची कड, म्हणजे रिम आणि रस्ता यांमधली रबराची बाजू, कमी उंचीची असते. पावसात पाण्याने भरलेला खड्डा दिसत नाही आणि धक्का थेट रिमला बसतो. कडेला फुगवटा आला की टायर बदलायचाच, तो दुरुस्त होत नाही. बऱ्याच मॉडेलांत स्टेपनीही नसते.

घसाराही बघा. चार वर्षं उलटलेल्या गाडीची किंमत विम्याच्या तक्त्यात ५० टक्के कमी धरतात. म्हणजे एकीकडे साडेबारा लाख गेले, दुसरीकडे पंचवीस! वर हप्त्याचं व्याज.

तरीही मन तिथेच असेल तर तीनेक वर्षं वापरलेली, सर्व्हिसची पूर्ण नोंद असलेली बघा. समुद्राजवळ उभी राहिलेली असेल तर रॅम्पवर चढवून खालचा गंज तपासा, आणि विम्यात इंजिन प्रोटेक्शन, म्हणजे पाणी शिरून इंजिन बिघडलं तर भरपाई देणारं जादा कवच, नक्की घ्या.