पायाच्या छोट्या शस्त्रक्रियेनंतर घरी : चालावे किती आणि पाय वर ठेवावा किती?

मूळ प्रश्न : पाऊलवाट

नमस्कार. गेल्या आठवड्यात माझ्या उजव्या पायावर एक छोटी शस्त्रक्रिया झाली. तिसऱ्या आणि चौथ्या बोटांमधली जाड झालेली नस, म्हणजे डॉक्टर ज्याला मॉर्टन्स न्यूरोमा म्हणतात ती, काढून टाकली. घोट्यापाशी इंजेक्शने देऊन पाऊल बधिर केले होते आणि त्याच दिवशी घरी सोडले. टाके पावलाच्या वरच्या बाजूला आहेत, त्यावर जाड ड्रेसिंग आहे आणि चालण्यासाठी कडक तळाचा, पट्ट्या लावायचा बूट दिला आहे.

अडचण अशी आहे की घरी सोडताना मिळालेल्या कागदावर 'सहन होईल तेवढे चालावे' आणि 'पाय उंचावर ठेवावा' अशा दोन सूचना एकाखाली एक लिहिल्या आहेत, आणि मला त्या परस्परविरोधी वाटतात. दुखणे आता फारसे नाही, त्यामुळे 'सहन होईल तेवढे' या शब्दांतून कोणतीच मर्यादा कळत नाही. सकाळी पाऊल बरे असते. मात्र दिवसभर घरात थोडे फिरून आणि उरलेला वेळ टेबलापाशी बसून काम केले की संध्याकाळी बोटे सुजतात, जांभळट दिसतात आणि पाय खाली सोडताच ठणका लागतो. बसून काम करणे ही विश्रांती समजावी का? गोळ्या आताच बंद कराव्यात का? आणि त्या दोन बोटांच्या मध्ये काहीच जाणवत नाही, हे ठीक आहे का? तपासणीला अजून अवकाश आहे, म्हणून अनुभवी आणि जाणकार मंडळींना विचारत आहे.

प्रतिसाद : टाच_आणि_चवडा

मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि असे रुग्ण नेहमी पाहतो. तुमच्या पायाची तपासणी मी केलेली नाही, त्यामुळे पुढचे सगळे सर्वसाधारण माहिती म्हणून वाचावे आणि तुमच्या सर्जनने काही वेगळे सांगितले असेल तर तेच प्रमाण मानावे.

तुमच्या कागदावरच्या दोन सूचनांमध्ये विरोध नाही, पण त्यांच्यामधले एक वाक्य गाळले गेले आहे. पहिल्या दोन आठवड्यांत मोजायचे असते ते पाऊल हृदयाच्या पातळीखाली किती वेळ राहिले हे. पावले किती टाकली ही त्यातली लहान बाब आहे. शस्त्रक्रियेनंतर त्या भागातल्या बारीक रक्तवाहिन्यांमधून द्रव बाहेर झिरपत असतो, आणि पाऊल हा शरीराचा सर्वांत खालचा भाग असल्यामुळे तो तिथेच साचतो. एरवी चालताना पोटरीचे स्नायू आकुंचन पावून रक्त वर ढकलतात. परंतु कडक बुटात टाचेवर चालताना घोटा फारसा हलत नाही आणि पोटरीचे हे काम जवळजवळ थांबते. म्हणून टेबलाखाली पाय सोडून दोन तास स्वस्थ बसणे हे स्वयंपाकघरापर्यंत दोनदा जाऊन येण्यापेक्षा पावलाला अधिक जड जाते. तुमची संध्याकाळची सूज चालण्याची कमी आणि बसण्याची जास्त आहे, असे मला तुमच्या वर्णनावरून वाटते.

समोरच्या स्टुलावर पाय ठेवला म्हणजे तो उंचावर ठेवला, असा समज सर्रास आढळतो. त्याने पाय लोंबकळत नाही एवढेच. पाऊल अजून हृदयाच्या खालीच असते. आडवे होऊन किंवा मागे रेलून पोटरीखाली दोन-तीन घट्ट उशा घ्याव्यात, पाऊल छातीपेक्षा वर यायला हवे. उशी गुडघ्यापासून पोटरीपर्यंत पूर्ण आधार देईल अशी ठेवावी आणि टाच उशीच्या काठाबाहेर मोकळी राहू द्यावी, कारण तासन्‌तास टाचेवर भार आला की तिथली त्वचा दुखावते आणि मग एका जखमेच्या जोडीला दुसरी जखम सांभाळावी लागते.

प्रमाण म्हणाल तर पहिल्या आठवड्यात जागेपणीच्या प्रत्येक तासातला बहुतेक वेळ पाय वर, आणि स्वच्छतागृह, जेवण, अंगाचे आखडलेपण घालवणे यांसाठी पाच-दहा मिनिटे खाली, असा हिशेब बऱ्याच जणांना जमतो. त्यानंतर खाली ठेवण्याचा वेळ थोडा थोडा वाढवावा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बोटांकडे नीट पाहावे. सूज उतरली की बोटांच्या सांध्यांवरच्या बारीक सुरकुत्या पुन्हा दिसू लागतात. त्या दिसत असतील तर कालचा दिवस पावलाला झेपला. त्वचा ताणलेली आणि चकचकीत दिसत असेल तर कालच्यापेक्षा कमी करावे. वेदना हा या काळातला भरवशाचा मोजमापाचा दांडा नाही, कारण ती गोळ्यांनी दबलेली असते.

प्रतिसाद : रात्रपाळी

वरील प्रतिसादाशी पूर्ण सहमत. मी शस्त्रक्रिया विभागात परिचारिका आहे, म्हणून ड्रेसिंग, गोळ्या आणि धोक्याच्या खुणा यांबद्दल लिहिते.

बोटे जांभळट दिसणे ही तक्रार आमच्याकडे फार येते. पाय खाली असताना जांभळट होणारी आणि वर घेतल्यावर काही मिनिटांत मूळ रंगावर येणारी बोटे बहुधा चिंतेची नसतात. खात्री करायची असेल तर ड्रेसिंगबाहेर दिसणाऱ्या बोटाचे नख दाबून सोडावे. ते पांढरे पडते आणि साधारण दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी होते. रंग परत यायला बराच वेळ लागत असेल, पाय वर घेऊनही बोटे निळी आणि गार राहत असतील किंवा मुंग्या वाढत असतील तर ड्रेसिंग घट्ट झाले असण्याची शक्यता असते. अशा वेळी तपासणीच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी दवाखान्यात फोन करावा.

गोळ्या अचानक बंद करण्यापेक्षा आधी जोरकस गोळी कमी करावी आणि साधी वेदनाशामक गोळी डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे आणखी काही दिवस चालू ठेवावी. पॅरासिटामॉल निरोगी प्रौढ व्यक्तीने 24 तासांत 4 ग्रॅमपेक्षा अधिक घेऊ नये, आणि यकृताचा त्रास असेल किंवा वजन कमी असेल तर ही मर्यादा त्याहूनही खाली येते. सर्दी-तापाच्या अनेक गोळ्यांमध्ये हेच औषध असते, त्यामुळे नकळत दुप्पट मात्रा पोटात जाते. आयबुप्रोफेन आणि डायक्लोफेनॅक ही एकाच गटातली औषधे आहेत. ती एकत्र घेतल्याने आराम दुप्पट होत नाही, पण जठर आणि मूत्रपिंड यांवरचा ताण मात्र वाढतो. ट्रामाडॉल किंवा कोडीन असलेली गोळी चालू असेल तर बद्धकोष्ठ होते, ही गोष्ट सांगायला सगळेच संकोचतात, तेव्हा पाणी भरपूर प्यावे आणि गरज वाटल्यास त्यावरचे औषध आधीच विचारून ठेवावे.

बर्फाबद्दल कागदावर काही लिहिले नसेल तर विचारून घ्यावे. साधारणपणे टॉवेलात गुंडाळून 15 ते 20 मिनिटे ठेवतात, थेट त्वचेवर कधीही नाही, आणि बधिर भागावर तर मुळीच नाही, कारण त्वचा गारठून इजा झाली तरी ती कळत नाही. जाड ड्रेसिंगमधून गारवा आत पोहोचत नसल्यामुळे पुष्कळ सर्जन गुडघ्याच्या मागच्या खळग्यात बर्फ ठेवायला सांगतात.

ड्रेसिंग टाके निघेपर्यंत कोरडे राहायला हवे. पावलाचे टाके साधारण दोन आठवड्यांनी काढतात. अंघोळ स्टुलावर बसून करावी, पाय पिशवीत बांधून पाण्याच्या धारेबाहेर दुसऱ्या स्टुलावर ठेवावा. एवढे करूनही ड्रेसिंग ओले झालेच तर ते केस वाळवण्याच्या यंत्राने सुकवत बसू नये, बदलून घ्यावे. वरचा थर वाळतो आणि आतला ओलावा टाक्यांपाशी तसाच राहतो.

जखमेभोवतीची लाली रोज पसरत जाणे, आधी कमी झालेले दुखणे पुन्हा वाढणे, ड्रेसिंगवर नव्याने ओल किंवा दुर्गंधी येणे, 38 अंश सेल्सिअस किंवा त्याहून अधिक ताप, यांपैकी काहीही दिसले तर लगेच कळवावे. त्याहून तातडीची बाब पोटरीची आहे. एकाच पोटरीत नवे दुखणे, कडकपणा, गरमपणा किंवा सूज आली तर शिरेत रक्ताची गुठळी झाल्याची शंका घेऊन त्याच दिवशी तपासून घ्यावे. आणि अचानक धाप लागली किंवा छातीत दुखू लागले तर गुठळी फुप्फुसात गेलेली असू शकते, म्हणून थेट तातडीच्या विभागात जावे. लहान शस्त्रक्रियेत हे क्वचित घडते, परंतु घडते. मधुमेह असेल तर रक्तातील साखर या काळात अधिक काटेकोरपणे तपासावी, आणि धूम्रपान करत असाल तर निदान जखम भरेपर्यंत तरी थांबवावे, कारण निकोटिनमुळे बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि पावलाला आधीच कमी पोहोचणारे रक्त आणखी कमी होते.

प्रतिसाद : उंबरठा

माझ्या पायाच्या वाकड्या बोटाची शस्त्रक्रिया झाली होती आणि बोटात काही आठवडे तार होती, म्हणून ही सगळी सामग्री माझ्याही परिचयाची आहे. वरील दोन्ही प्रतिसाद उपयुक्त आहेत, मात्र पाय वर ठेवण्यावर इतका भर दिला की माणूस अंथरुणालाच खिळतो, हे मला खटकते. घोटा आखडतो, कंबर धरते, आणि ज्या गुठळीची भीती दाखवली जाते तीही पडून राहिल्यानेच होते ना?

व्यवहाराच्या दोन गोष्टी मात्र मला कोणी सांगितल्या नव्हत्या, त्या येथे नोंदवतो. शस्त्रक्रियेनंतरच्या बुटाचा तळ जाड असतो आणि दुसऱ्या पायात चप्पल किंवा काहीच नसले तर चालताना कंबर एका बाजूला कलते. कंबरदुखीचे कारण बहुतेकदा हेच असते. दुसऱ्या पायात तेवढ्याच उंचीचा, मागून बंद असलेला बूट घालावा. दुसरे म्हणजे हातात काठी किंवा कुबड्या असल्या की पाण्याचा पेलासुद्धा नेता येत नाही. गळ्यात अडकवायची छोटी पिशवी आणि घट्ट झाकणाची बाटली जवळ असली की दिवसातल्या निम्म्या हाका वाचतात. जमिनीवरच्या सुट्या सतरंज्या आणि पायपुसणी गुंडाळून ठेवावीत आणि रात्री स्वच्छतागृहाच्या वाटेवर दिवा चालू ठेवावा.

प्रतिसाद : टाच_आणि_चवडा

उंबरठा, आपला आक्षेप रास्त आहे, फक्त पाय वर असणे आणि शरीर निश्चल असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पाय उशीवर असतानाच, सर्जनने मनाई केली नसेल तर, घोटा वर-खाली हलवावा, मांडीचा स्नायू आवळून काही क्षण धरावा, गुडघा सरळ ठेवून संपूर्ण पाय उचलावा. जागेपणी दर तासाला हे थोडे थोडे केले की पोटरीतले रक्त खेळते राहते. टाके ताणले जातील असा बोटांचा व्यायाम मात्र स्वतःहून सुरू करू नये. दिवसातून अनेकदा उठून छोटी फेरी मारणे हेही गरजेचेच आहे. फेऱ्या अनेक असाव्यात, प्रत्येक फेरी आखूड असावी.

कुबड्यांचा उल्लेख आला म्हणून सांगतो, की त्यांचा वरचा भाग काखेत रुतता कामा नये. काख आणि कुबडी यांत दोन-तीन बोटांचे अंतर हवे आणि भार तळहातांवर यायला हवा, नाहीतर काखेतल्या नसा दाबल्या जाऊन हात बधिर होतो. जिना चढताना आधी चांगला पाय वरच्या पायरीवर, मग दुखरा पाय आणि कुबड्या. उतरताना आधी कुबड्या आणि दुखरा पाय, मग चांगला. कठडा असेल तर एका हाताने तोच धरावा.

पाऊलवाट

सर्वांचे मनापासून आभार. कालपासून टेबल सोडून पलंगावर रेलून, मांडीवर लॅपटॉप घेऊन काम केले आणि आज सकाळी तिसऱ्या बोटावरच्या सुरकुत्या खरोखरच दिसल्या. बधिरपणाचा प्रश्न राहिला, आणि आणखी एक विचारायचे आहे. बूट घालून टाचेवर व्यवस्थित चालता येते, मग गाडी चालवायला हरकत आहे का? गाडी ऑटोमॅटिक आहे.

प्रतिसाद : रात्रपाळी

त्या दोन बोटांच्या आतल्या बाजूंना संवेदना देणारी नसच काढून टाकलेली असल्यामुळे तेवढा पट्टा बधिर राहणे अपेक्षित असते आणि बहुतेकांच्या बाबतीत ते कायमचे असते. सवय झाली की त्याची आठवणही राहत नाही. मात्र टाके निघाल्यानंतर रोज त्या बोटांच्या मधली त्वचा डोळ्यांनी पाहावी, कारण तिथे बूट लागला किंवा भेग पडली तर ती दुखून कळणार नाही. बधिरपणा हळूहळू घोट्याकडे किंवा इतर बोटांत पसरत असेल तर ते वेगळे प्रकरण आहे, त्याची तपासणी हवी.

गाडीबद्दल उत्तर आज तरी 'नाही' असेच आहे. तुमचा उजवा पाय आहे, म्हणजे ऑटोमॅटिक गाडीतही ब्रेक आणि ॲक्सिलरेटर दोन्ही त्याच्याकडेच आहेत. डावा पाय असता आणि गुंगी आणणारी गोळी चालू नसती तर विचार करता आला असता. कडक तळाच्या बुटात पेडलचा अंदाज येत नाही, आणि टाचेवर चालता येणे म्हणजे चवड्याने पूर्ण जोराने ब्रेक दाबता येणे नव्हे. नेहमीचा बूट पायात जाऊ लागल्यावर, थांबलेल्या गाडीत बसून, न कचरता एकदम ब्रेक दाबता येतो का हे पाहावे आणि त्यानंतर सर्जनची परवानगी घ्यावी. हाड कापलेले असते तेव्हा हा काळ सुमारे 6 आठवड्यांचा असतो. तुमच्या बाबतीत हाडाला हात लावलेला नसल्यामुळे तो त्याहून कमी असू शकेल. गाडीच्या विम्याच्या अटीही एकदा वाचून घ्याव्यात.

टाके काढायला जाताना कोणाला तरी सोबत न्या आणि गाडीत मागच्या सीटवर आडवा पाय पसरून बसा, पट्टा मात्र लावा.