पेशी नव्हे, जोडण्या

काही जण म्हणतात की रात्रभर एकदाच दणकून घोकलं की मेंदूत नव्या पेशी तयार होतात आणि ते पक्कं बसतं. मला हे पटत नाही. शिकताना बदल होतो तो मुख्यतः असलेल्याच पेशींमधल्या जोडण्यांत, म्हणजे सायनॅप्समध्ये. मेंदूशास्त्रज्ञ एरिक कँडेल (२००० चं नोबेल) यांच्या समुद्री गोगलगायीवरच्या प्रयोगांत शेपटीला विजेचा एकच झटका दिला तर त्याच्या आठवणीने ती काही मिनिटंच बिचकते. आधीचीच प्रथिनं जराशी बदलतात, एवढंच. थांबून थांबून चार-पाच झटके दिले की तीच आठवण काही दिवस टिकते, कारण आता निरोप थेट पेशीच्या केंद्रकात जातो, क्रेब नावाचं प्रथिन जनुकं चालू करतं आणि नव्या जोडण्या फुटतात. प्रथिनं बनणं औषधाने रोखलं तर दीर्घकाळ टिकणारी आठवण तयारच होत नाही, थोडा वेळ टिकणारी मात्र शाबूत!

इथे कोल्हापुरात पुतण्या तालमीत एकलांगी हा कुस्तीचा डाव शिकतोय. वस्ताद सकाळी तो डाव मोजकाच करू देतात, चुकलेली पकड मनगट धरून जागेवर आणतात, मग जोर-बैठका. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच डाव, म्हणजे इथेही सराव थांबून थांबूनच. कुस्तीत हालचाली सांभाळणाऱ्या लहान मेंदूचा (अनुमस्तिष्काचा) वाटा मोठा, पण तिथेही बदलतात ते सायनॅप्सच.