भाईंदरहून रो-रोने वसई किल्ला : अनुभव सांगा

खाडीकाठची:
काल शेजारच्या काकूंनी वसईची सुकेळी दिली, राजेळी केळ्यांची, पानात बांधलेली. बाबांबरोबर लोकलने जायचो ते आठवलं. दादरला उतरून पलीकडची गाडी, पिशवीत पुऱ्या नि कोरडी भाजी. आता फेब्रुवारी २०२४ पासून भाईंदर पश्चिमेहून रो-रो (गाड्याही नेणारी फेरीबोट) आहे म्हणे. ठाण्याहून सासूबाईंना न्यायचंय, गुडघे बोलतात त्यांचे. कोण जाऊन आलंय?

घोडबंदरकर:
पाणी पंधरा मिनिटांचं. गाडीही चढते, रस्त्याचा वळसा वाचतो. पण आधी घोडबंदर रोडवरचा गायमुखचा ट्रॅफिक! तिथेच आयुष्य जातं. सातच्या आत घर सोडा.

मिनीची आई:
गायमुखलाच डबा संपला आमचा 😂

नौपाडाकाकू:
अगं, सासूबाईंना सगळं फिरवू नकोस. तटाच्या आत पोर्तुगीजांनी अख्खं शहर वसवलं होतं, चालून चालून जीव जातो. नागेश्वराचं देऊळ नि गोन्सालो गार्सियांचं चर्च पुरे. मूळचे वसईचेच ते, १५९७ ला नागासाकीत मारले गेले, १८६२ ला संत झाले. मला तर तिथे कुणाच्या तरी प्री-वेडिंगच्या गाऊनच्या शेपटीवर पाय पडला. नवरी राहिली बाजूला, फोटोग्राफरच ओरडला!

तटबंदी:
मे १७३९, चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई जिंकली!! आपला ठाण्याचा किल्ला मराठ्यांनी १७३७ लाच घेतला होता. आता तिथे जेल. आत जायचं तर गुन्हा करावा लागेल.

मिनीची आई:
तू जा, डबा आम्ही पाठवू.

तटबंदी:
खिचडी नको फक्त. बाकी नाशिकला गोदावरीकाठच्या नारोशंकर मंदिराची घंटा वसईच्याच लुटीतली.

गोदाकाठ:
नाशिक!! पूर आला की आम्ही पोरं ती घंटा बुडते का बघायला धावायचो, आई मागून लाटणं घेऊन. यंदा माहेरी जाणंच झालं नाही, मिसळ स्वप्नात येते.

नौपाडाकाकू:
ये गं घरी, करते. तर्री मात्र बेताची, ह्यांना पित्त आहे.

गोदाकाठ:
बेताची तर्री म्हणजे मटकीची उसळ हो काकू 😭

खाडीकाठची:
मुद्द्यावर या बायांनो. बुधवारी जातोय, गाडी न घेता. येताना किल्ल्यावरून स्टेशनला रिक्षा मिळते ना?

घोडबंदरकर:
मिळते. सुट्टे ठेवा. आणि फेरीची वेळ आदल्या दिवशी विचारून घ्या.