घरच्या घरी गाडी दुरुस्त करण्याचे दिवस खरोखरच संपले आहेत का?

मिरजकर (प्रश्न)

माझ्याकडे २०२१ मध्ये घेतलेली, बीएस-६ या उत्सर्जन मानकाची एक लहान पेट्रोल गाडी आहे आणि तिची वॉरंटी संपली आहे. काही दिवसांपूर्वी डॅशबोर्डवर इंजिनचा पिवळा दिवा लागला. गाडी एरवी व्यवस्थित चालते, फक्त चढावर पूर्वीसारखी ओढत नाही. अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये नेल्यावर त्यांनी स्कॅनर लावला, ऑक्सिजन सेन्सर (धुरातला ऑक्सिजन मोजणारा भाग) बदलावा लागेल असे सांगितले आणि कोटेशन हातात ठेवले. स्कॅनरवर बिघाडाचा नेमका कोणता कोड आला आहे, असे विचारल्यावर ती माहिती ग्राहकाला देत नाहीत, असे उत्तर मिळाले. स्कॅनिंगचे पैसे मात्र बिलात लावलेले होते. खर्च परवडत नाही अशातला भाग नाही, पण ज्या तपासणीचे पैसे मी मोजले तिचा निष्कर्ष मलाच कळू नये, हे काही केल्या पटत नाही.

आमच्या घरी आधी पद्मिनी होती आणि नंतर कार्बोरेटरची मारुती ८००. प्लग काढून साफ करणे, फिलर गेज घालून पॉइंटची गॅप बसवणे, टॅपेट सेट करणे, पावसाळ्यात डिस्ट्रिब्यूटरचे झाकण काढून आतली ओल पुसणे ही कामे आम्ही अंगणातच करत असू, आणि त्यासाठी पान्यांचा एक संच व थोडा धीर एवढेच भांडवल पुरत असे. आताच्या गाडीचे बॉनेट उघडले की वर प्लॅस्टिकचे झाकण, खालून प्लॅस्टिकचे आच्छादन आणि मधे सगळीकडे वायरिंग दिसते. शेजाऱ्यांच्या गाडीत तर हेडलाइटचा बल्ब बदलण्यासाठी पुढचा बंपर उतरवावा लागला. हे सारे तांत्रिकदृष्ट्या अपरिहार्य आहे, की ग्राहकाने हात लावू नये म्हणून मुद्दाम केलेली व्यवस्था आहे? आणि माझ्यासारख्या हौशी माणसाला आज घरी नेमके काय करता येईल? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

नाना पेठ गॅरेज

सर, पुण्यात माझे स्वतःचे छोटे गॅरेज आहे, म्हणून रोजच्या कामातून जे दिसते ते लिहितो. पहिली गोष्ट म्हणजे कोड ही काही कोणाची खाजगी मालमत्ता नाही. स्टिअरिंगच्या खाली, गुडघ्याजवळ सोळा पिनांचे एक सॉकेट असते. त्यात ब्लूटूथचा साधा स्कॅनर लावला आणि मोबाइलवर एखादे ॲप घेतले की उत्सर्जनाशी संबंधित कोड कोणत्याही कंपनीच्या गाडीत वाचता येतात, कारण 'पी०' ने सुरू होणारे कोड सर्व कंपन्यांना समान आहेत. 'पी१' ने सुरू होणारे बहुतेक कोड कंपनीचे स्वतःचे असतात आणि तिथे साधा स्कॅनर अडतो.

दुसरे म्हणजे, ऑक्सिजन सेन्सर बदला असे त्यांनी सांगितले त्यावरून माझा अंदाज असा आहे की कोड पी०१७१ असावा. या कोडचा अर्थ मिश्रणात पेट्रोलच्या मानाने हवा जास्त आहे एवढाच होतो. सेन्सर खराब आहे असे तो कोड म्हणत नाही. सेन्सरच्या आतला हीटर गेला असेल तर पी०१३५ सारखा वेगळा कोड येतो. पी०१७१ मध्ये सेन्सर हा बहुतेक वेळा फक्त निरोप आणणारा असतो, आणि निरोप आवडला नाही म्हणून निरोप्यालाच बदलण्याची पद्धत आमच्या धंद्यात फार बोकाळली आहे, कारण सेन्सर बदलणे दहा मिनिटांचे काम असते आणि खरे कारण शोधण्यात अर्धा दिवस जातो.

स्कॅनर घेतल्यावर कोड लगेच पुसू नका. आधी लाइव्ह डेटामध्ये फ्युएल ट्रिमचे दोन आकडे पाहा, एक अल्पकालीन आणि एक दीर्घकालीन. ईसीएम, म्हणजे इंजिनचा संगणक, ठरलेल्या प्रमाणापेक्षा किती टक्के पेट्रोल जास्त किंवा कमी सोडत आहे, ते या आकड्यांवरून कळते. इंजिन गरम झाल्यावर आयडलवर, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता, हे आकडे टिपा, मग उभ्या गाडीतच अडीच हजार आरपीएमवर धरून टिपा, आणि शेवटी कोणाला तरी शेजारी बसवून, चढावर गाडी ओढत असताना टिपायला सांगा. गाडीत हवा मोजणारा मॅफ सेन्सर असेल आणि आयडलवर ट्रिम खूप वर जाऊन आरपीएम वाढवल्यावर खाली येत असेल, तर कुठेतरी रबरी होज फुटून न मोजलेली हवा आत जात आहे असे समजावे. आपल्याकडे हे काम बहुधा उंदरांचे असते. बॉनेटखाली तंबाखूची पुडी ठेवली की उंदीर येत नाहीत असे अनेक ग्राहक सांगतात, आणि पुडीशेजारची कुरतडलेली वायर मी पाहिलेली आहे. लहान गाड्यांत मात्र बऱ्याचदा मॅफऐवजी मॅनिफोल्डचा दाब मोजणारा मॅप सेन्सर असतो. तिथे अशी गळती झाली तर ट्रिमपेक्षा आयडल आरपीएम वाढलेला दिसतो. म्हणून आपल्या गाडीत कोणता सेन्सर आहे ते आधी पाहून घ्या.

चाकणकर

मी इंजिन कॅलिब्रेशनच्या कामात आहे. प्रश्नाच्या पहिल्या भागाबद्दल थोडे लिहितो, कारण 'सगळे मुद्दाम केले आहे' हा समज अर्धाच खरा आहे.

आपल्याकडे बीएस-४ देशभर १ एप्रिल २०१७ रोजी आले आणि बीएस-५ वगळून बीएस-६ थेट १ एप्रिल २०२० रोजी लागू झाले. डिझेल मोटारींसाठी नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा किलोमीटरमागे २५० मिलिग्रॅमवरून ८० वर आली आणि पेट्रोलसाठी ८० वरून ६० वर. एप्रिल २०२३ पासून ही मर्यादा प्रयोगशाळेपुरती न राहता प्रत्यक्ष रस्त्यावरही तपासली जाऊ लागली. कार्बोरेटरचा स्क्रू कानाने ऐकून फिरवण्याच्या पद्धतीत हे आकडे गाठणे शक्यच नव्हते. धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नीट चालायचा तर हवा आणि पेट्रोल यांचे प्रमाण फार अरुंद पट्ट्यात राखावे लागते, आणि त्यासाठी सेन्सरचे ऐकून दर क्षणाला निर्णय घेणारा संगणक लागतो. डिझेलमध्ये तर कॉमन रेलचा, म्हणजे सर्व इंजेक्टरांना इंधन पुरवणाऱ्या सामाईक नळीचा दाब दीड-दोन हजार बारपर्यंत जातो. इंजिन चालू असताना त्या पाइपचा नट सैल करून 'हवा काढण्याची' जुनी युक्ती कोणीही करू नये, कारण ती बारीक धार कातडी भेदून आत शिरते.

एक गोष्ट मात्र जुन्या गाडीपेक्षा आजच्या गाडीत नक्कीच बरी आहे, ती म्हणजे ती बोलते. पद्मिनी बंद पडली तर पॉइंट, कंडेन्सर, कॉइल असे एकेक करून तपासावे लागे. आजची गाडी निदान कोणत्या दिशेने पाहावे ते सांगते. तिचे बोलणे ऐकण्याची मुभा कोणाला द्यायची, हा प्रश्न वेगळा आहे आणि तो तंत्रज्ञानाचा नाही. नवीन इंजेक्टर (इंजिनात इंधन फवारणारा भाग) बसवल्यावर त्याच्यावर छापलेला अंक ईसीएममध्ये भरावा लागतो, यामागे तांत्रिक कारण आहे, कारण प्रत्येक इंजेक्टर घडणीत किंचित वेगळा असतो. परंतु तो अंक भरण्याची सोय फक्त कंपनीच्याच स्कॅनरमध्ये असावी, याला मला तरी तांत्रिक कारण सापडलेले नाही.

आणखी एक मुद्दा इथेनॉलचा. आपली गाडी २०२१ ची, म्हणजे २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल गृहीत धरून बनलेली नसावी. आता बहुतेक पंपांवर तेच मिळते. इथेनॉलमध्ये मुळातच ऑक्सिजन असल्यामुळे दहा टक्क्यांच्या मिश्रणाच्या तुलनेत ट्रिम तीन-चार टक्के वर सरकणे स्वाभाविक आहे. तेवढ्याने दिवा लागत नाही, पण आधीच काठावर असलेली गाडी त्याने पलीकडे जाऊ शकते. आकडे वाचताना एवढे ध्यानात ठेवावे.

ग्राहकपक्ष

वरच्या प्रतिसादातील शेवटच्या प्रश्नाला कायद्याच्या बाजूने थोडी जोड देतो. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी चौदा मोटार कंपन्यांविरुद्ध आदेश देऊन एकूण सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. सुटे भाग आणि तपासणीची उपकरणे स्वतंत्र गॅरेजांपर्यंत पोहोचू न देणे हे स्पर्धेच्या विरुद्ध आहे, असा त्या आदेशाचा गाभा होता. केवळ बाहेरच्या गॅरेजात काम केले म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करता येणार नाही, आणि बाहेरच्या सदोष कामामुळे जेवढे नुकसान झाले तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल, असेही आयोगाने त्यात म्हटले होते. कंपन्यांनी आदेशाला आव्हान दिले आणि प्रकरण अपिलांच्या मार्गाला लागले, त्यामुळे काउंटरवर जाऊन हा आदेश दाखवल्याने दुसऱ्या दिवशी काही बदलेल, अशी आशा मी कोणाला लावणार नाही. तरीही 'बाहेर हात लावला, वॉरंटी गेली' हे वाक्य ऐकू आल्यास 'लेखी द्या' असे अवश्य म्हणावे. लेखी द्यायला सहसा कोणी तयार होत नाही.

जुलै २०२२ मध्ये ग्राहक व्यवहार खात्याने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक दिनी, त्यासाठीचे पोर्टल सुरू केले. शेतीची अवजारे, मोबाइल व इलेक्ट्रॉनिक वस्तू आणि घरगुती उपकरणे यांच्या जोडीने मोटारीही त्यात आहेत. मात्र पोर्टलवर माहिती एकत्र करणे आणि ती देण्याची कायदेशीर सक्ती करणे यांत फरक आहे.

मिरजकर, आपल्या प्रकरणात मी एवढेच सुचवेन की त्या सर्व्हिस सेंटरला ईमेल पाठवून पैसे घेतलेल्या तपासणीचा अहवाल मागावा. तोंडी नकार देणारा माणूस आणि ईमेलला उत्तर देणारा माणूस वेगळा असतो.

बॉस्टनवासी

मी मूळचा ठाण्याचा असून मॅसॅच्युसेट्समध्ये राहतो. या राज्यातील मतदारांनी २०१२ मध्ये मोटार दुरुस्तीच्या हक्काच्या बाजूने कौल दिला, आणि २०२० मध्ये गाडीतून परस्पर कंपनीकडे जाणाऱ्या माहितीसाठीही पुन्हा तसाच कौल दिला. दुसरा कायदा कंपन्यांनी न्यायालयात नेला आणि तो प्रत्यक्षात यायला फार वेळ लागला, पण पहिल्याचा फायदा मी स्वतः घेतो. इथे बहुतेक कंपन्यांचे सर्व्हिस मॅन्युअल एका दिवसाचे शुल्क भरून कोणालाही वाचता येते, त्यासाठी गॅरेजवाला असावे लागत नाही.

चाकणकरांनी मानकांचा विषय काढला म्हणून एक विचारतो. आपले बीएस-६ युरोपच्या युरो-६ वर बेतलेले आहे. ज्या नियमातून युरो-५ आणि युरो-६ आले, त्या २००७ च्या ७१५ क्रमांकाच्या युरोपीय नियमाच्या शीर्षकातच उत्सर्जनाबरोबर 'दुरुस्ती व देखभालीची माहिती उपलब्ध असणे' हा विषय आहे. म्हणजे गाडी गुंतागुंतीची होणार हे तिथे गृहीत धरले गेले आणि तिची माहिती खुली ठेवण्याची अट त्याच कागदात घातली गेली. आपल्याकडे उत्सर्जन परिवहन मंत्रालयाकडे आणि दुरुस्तीचा हक्क ग्राहक व्यवहार खात्याकडे, अशी वाटणी झालेली दिसते.

चाकणकर

आपले म्हणणे रास्त आहे. आम्ही मंडळी त्या नियमातील मिलिग्रॅमचे तक्ते पाठ करतो, माहितीच्या प्रकरणाकडे कोणी फिरकत नाही.

मिरजकर

सर्वांचे मनापासून आभार. स्कॅनर मागवला आणि गाडीला लावला. कोड पी०१७१ हाच आहे, म्हणजे नाना पेठेतून बांधलेला अंदाज बरोबर निघाला. गाडीत मॅप सेन्सर आहे. आयडलवर दोन्ही ट्रिमची बेरीज सहाच्या आसपास राहते आणि आरपीएमही स्थिर आहे. अडीच हजारांवर ती थोडी वाढते, पण दंडोबाच्या चढावर चिरंजिवांनी टिपलेली बेरीज पंचवीसच्या पुढे गेली. सर्व्हिस सेंटरला ईमेलही पाठवला आहे, उत्तर अजून आलेले नाही. आता पुढे काय पाहावे?

नाना पेठ गॅरेज

सर, आपल्या आकड्यांनी काम बरेच सोपे केले. हवेची गळती आता जवळपास बाजूला ठेवता येईल. इंजिनवरचे ओझे वाढेल तसा ट्रिम वाढत असेल तर मागणीएवढे पेट्रोल पोहोचत नाही, असा त्याचा सरळ अर्थ आहे, आणि चढावर ओढ कमी वाटते त्याचाही उलगडा त्यातच होतो. पंप थकला असेल, फिल्टर चोक झाला असेल किंवा इंजेक्टर साचले असतील. सेन्सर जे दिसते ते प्रामाणिकपणे सांगतो आहे, त्यावर एक रुपयाही खर्च करू नका.

पुढची पायरी म्हणजे फ्युएल प्रेशर गेज लावून दाब पाहणे, आणि हे काम घरी करू नये असे मी स्पष्टच सांगेन. लाइन उघडली की दाबाखालचे पेट्रोल उडते, आणि बंद पार्किंगमध्ये एक ठिणगी पुरते. जवळच्या एखाद्या जुन्या गॅरेजात समोर उभे राहून दाब मोजून घ्या, आयडलवर आणि अचानक ॲक्सिलरेटर दाबल्यावर, असे दोन्ही. गाडीच्या मॅन्युअलमधला ठरलेला दाब आधीच विचारून ठेवा.

दाब कमी निघाला तर आपली मूळ तक्रार पुन्हा समोर येईल, याची कल्पना देऊन ठेवतो. पूर्वी पेट्रोलचा फिल्टर बॉनेटखाली लाइनमध्ये असायचा आणि दोन क्लिपा सोडून बदलता येत असे. आता बऱ्याच गाड्यांत तो टाकीच्या आत, पंपाच्या मॉड्यूलमध्येच असतो, आणि कंपनीच्या काउंटरवर फिल्टर सुटा मागितला तर पूर्ण मॉड्यूल घ्या असे सांगतात. काही मॉडेलांसाठी बाहेरच्या बाजारात सुटा फिल्टर मिळतो. मॉड्यूलवरचा पार्ट नंबर इथे लिहा, दुकानात चौकशी करून सांगतो. काम करायचे ठरले तर टाकी पाव भरलेली असतानाच गाडी गॅरेजात न्या आणि मॉड्यूलच्या झाकणाखालचे रबरी सील नवीनच घालायला सांगा, कारण इथेनॉलमध्ये फुगलेले जुने सील पुन्हा खाचेत नीट बसत नाही आणि मग गाडीत पेट्रोलचा वास येत राहतो.